पाच पूर्णांक आठ

त्या मंडळाचं नाव मी इथे लिहिणार नाही. फुकटचं मोठेपण मी आयुष्यात कुणाला दिलं नाही, त्यांना तर मुळीच देणार नाही. बोईसरच्या कारखान्यांतले तीन-चार इंजिनिअर, एक औषधांच्या दुकानाचा मालक आणि आम्हाला पालघरला अकरावीत भौतिकशास्त्र शिकवणारे चुरी सर, एवढंच ते मंडळ. आकाशाचा अभ्यास करायचा आणि बोईसरचं आकाश तर धुराने आणि दिव्यांनी बरबटलेलं, म्हणून दर रविवारी संध्याकाळी ही मंडळी पालघरजवळच्या आमच्या माहीमच्या किनाऱ्यावर येत. बरोबर थर्मास, क्रीमची बिस्किटं, घडीच्या खुर्च्या. बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर आमचे बोंबील वाळत असत, त्यांच्या वासाने नाकाला रुमाल लावून बसत. कोट्यवधी मैलांवरची वस्तू बघायला आलेल्या माणसांना वीस पावलांवरचे बोंबील सोसत नव्हते. त्यांचा प्रमुख होता सबनीस. माणूस पातळ, चष्मा जाड, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला आपण काहीतरी चोरलंय की काय असं वाटावं.

आमचं घर कोळीवाड्याच्या टोकाला. घरात आवाज दोनच, समुद्राचा आणि आईचा, आणि भरतीच्या वेळीही आईचाच वरचढ. सकाळच्या पहिल्या एसटीने ती टोपली घेऊन पालघरच्या बाजारात जाई, आठवड्यातून दोनदा बोईसरला दारोदार. दुपार कलली की परत. मग चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या, कैरी घालून केलेलं ओल्या बोंबलांचं कालवण, नसलं तर सुकटीची चटणी, आणि भाकरी थापता थापता दिवसभराच्या सौद्यांची उजळणी. अमक्या बाईने किती म्हटलं, हिने किती सांगितलं, कुठे तुटलं. आमच्या घरात पहिला आकडा खरा सांगणं हा वेंधळेपणा समजला जाई. शेजाऱ्याने बाबांना विचारलं, किती घावलं, की बाबा निम्मं सांगत. गिऱ्हाइकाने कोलंबीच्या वाट्याचा भाव विचारला की आई दीडपट सांगे. मला बघायला कुणी येईल या धास्तीने मावशी माझं वयसुद्धा दोन वर्षं उतरवून सांगत असे. यात खोटेपणा आहे असं कुणाच्या मनातही येत नसे. समोरचा तो आकडा पाडणार हे ठरलेलंच होतं. बोलणी सुरू झाली एवढाच त्या पहिल्या आकड्याचा अर्थ. खरा आकडा प्रत्येकाच्या पोटात शाबूत असे, आणि तोंडातला व पोटातला असे दोन्ही आकडे कायम लक्षात ठेवायचे, हे आम्ही पोरं बाराखडीच्या आधी शिकलो.

मंडळाने त्या वर्षी एका धूमकेतूचा माग धरला होता. नाव विलायती आणि लांबलचक, आणि दिसायला इतका फिका की नुसत्या डोळ्यांना दिसायचाच नाही. दुर्बिणीतूनही दिसायचा तो चिमटीने सोडलेल्या तांदळाच्या पिठासारखा. सूर्यास्तानंतर पश्चिमेला तास-सव्वा तास तो हाती लागायचा, मग समुद्रात. आठवड्याचे बाकीचे दिवस मंडळाला नोकऱ्या, म्हणून ते दिवस चुरी सर सांभाळत. सरांची पानवेलींची वाडी माहीमलाच, रस्त्यापलीकडे. दुर्बिणीची तिपाई आमच्या पडवीत ठेवलेली असे. ती किनाऱ्यापर्यंत उचलून न्यायचं काम सरांनी मला सांगितलं, आणि तिथून मी त्यात सापडले.

तेज मोजायची रीत सरांनी एका संध्याकाळी समजावली. धूमकेतू म्हणजे धुक्याचा गोळा आणि तारा म्हणजे ठिपका, दोघांची तुलना कशी करणार? तर आधी धूमकेतू नीट बघून घ्यायचा, तो मनात धरायचा. मग दुर्बीण ताऱ्याकडे वळवून तिचं चाक फिरवायचं, ताऱ्याचा ठिपका फुगून, विसविशीत होऊन धूमकेतूएवढा होईपर्यंत. असे दोन तारे घ्यायचे, एक जरा उजळ, एक जरा मंद, दोघांचं तेज पुस्तकात दिलेलं. आपला त्या दोघांच्या मध्ये कुठे बसतो ते सांगायचं. सर म्हणाले, याला वर्षभराचा सराव लागतो. मी बघितलं आणि म्हटलं, "उजळाच्या बाजूने धरला तर दहातला सातवा." सरांनी स्वतः पुन्हा बघितलं आणि माझ्याकडे बघत राहिले. त्यांना काय माहीत, शेजारणीच्या दोन वाट्यांच्या मध्ये आपला वाटा कुठे बसतो हे मी सहा वर्षांची असल्यापासून उभ्या उभ्या सांगत होते, आणि तेही बर्फाचं पाणी डोळ्यांत उडत असताना.

त्या मोजणीचीही उलटीच तऱ्हा. तेज जितकं जास्त तितका आकडा लहान. सहाचा तारा सातापेक्षा उजळ. ज्यांनी कधी काही विकलं नाही अशाच माणसांच्या डोक्यातून असलं माप निघावं. पण ते मला दोन दिवसांत जमलं. तर त्या पहिल्या संध्याकाळी माझ्या पोटातला आकडा होता सात पूर्णांक दोन. सरांनी विचारलं, "किती?" आणि मी सवयीने चढवून सांगितलं, "सहा पूर्णांक आठ." सर आता म्हणणार, छे, एवढा कुठला, मग मी म्हणणार, बरं मग सात धरा, आणि येऊ आम्ही दोघं सात पूर्णांक दोनवर. सरांनी वहीत लिहिलं, सहा पूर्णांक आठ, पुढे माझं नाव, आणि वही मिटली. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी माझा पहिला भाव मान्य केला होता. मला त्या माणसाची कीव आली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. आता विचारू नका, मी सरळ खरा आकडा का सांगितला नाही. चढवून सांगितलेला भाव दुसऱ्या दिवशी आपणहून उतरवणारी बाजारात टिकत नाही. शिवाय फरक मी रोज सारखाच ठेवत होते, चार दशांश, ना जास्त ना कमी. प्रामाणिकपणाची माझी तेव्हाची कल्पना एवढीच होती.

तेजाबरोबर जागाही टिपायची असे. ताऱ्यांच्या नकाशावर रोज पेन्सिलीने एक ठिपका, आणि ठिपक्यांमधून हळूहळू वाकत जाणारी वाट. त्या वाटेवरून त्याची कक्षा काढतात, सर म्हणत, तो कुठून आला आणि कुठे जाणार ते कळतं. हे तर मला शिकवावंच लागलं नाही. बाबा भर समुद्रात आपल्या डोलीची, म्हणजे खुंटांना बांधलेल्या जाळ्याची जागा कशी शोधत? देवळाचा कळस आणि जोडताड एका रेषेत आले, दुसऱ्या बाजूला डोंगराची खाच आणि बंगल्याचं टोक एका रेषेत आलं, की दोन रेषा मिळतात तिथे जाळं. मी ताऱ्यांच्या अशाच दोन जोड्या धरायची आणि ठिपका द्यायची. माझ्या ठिपक्यांवर सबनीसांनी कधी बोट ठेवलं नाही. कोळ्याच्या पोरीला जागा कळते, हे त्यांना चालत होतं. तेज कळतं, हे पचत नव्हतं. आता पोरं फोन वर धरतात आणि धूमकेतूचं नाव, जागा, तेज सगळं काचेवर उमटतं. माझा नातू मला ते दाखवतो आणि मी फोन उलटा करून ठेवते.

महिनाभराने सबनीसांनी सगळ्यांचे आकडे आलेखावर मांडून आणले. वाळूवर कंदिलाशेजारी कागद पसरला. प्रत्येकाची रंगीत पेन्सिल वेगळी, माझी हिरवी. बाकीच्यांचे ठिपके एका वळणात आणि माझे सगळे हिरवे ठिपके त्यांच्या वर, सारख्या अंतराने, शिस्तीत. औषधवाला हसून म्हणाला, "यमुनेचा धूमकेतू निराळाच आहे. जास्त ताजा!" सगळे हसले. सबनीस हसले नाहीत, त्यांनी खिशातून पेन काढलं. "हिच्या डोळ्यांतच दोष असणार. यापुढे हिच्या प्रत्येक आकड्यात चार दशांश मिळवून लिहायचे," ते म्हणाले, "म्हणजे तेज तेवढं उतरेल." मला विचारलं नाही. तीन हात अंतरावर मी तिपाई धरून उभी होते. दोष म्हणे! एवढ्या अंधारात महिनाभर चार दशांशाचा फरक केसभर न हलवता राखणारा डोळा त्यांच्यातल्या एकाचाही नव्हता. पण बोलायची सोय नव्हती. डोळा चांगला आहे म्हणावं तर जीभ खोटी ठरत होती.

पुढच्या गुरुवारी सर भाचीच्या साखरपुड्याला विरारला गेले. जाताना वही आणि दुर्बीण माझ्याकडे देऊन म्हणाले, "आजचं तू बघ. लिही." मी एकटीच तिपाई घेऊन गेले. धूमकेतू नेहमीच्या जागी बघितला आणि दुर्बीण चुकून ताऱ्याकडे वळली असं वाटलं. पिठाच्या चिमटीत मधोमध कुणीतरी दाणा ठेवावा तसा लखलखीत ठिपका. पुन्हा नकाशा काढला, जोड्या लावल्या, जागा तीच. तारे बदलले, रोजचे मंद पडत होते म्हणून उजळ घेतले, चारदा बघितलं. बाबा होडीवरून उतरून वर येत होते, त्यांना बोलावलं. त्यांनी डोळा लावला.

"काय दिसतंय?"

"धुरात कुनी बत्ती पेटवलीय." मग डोळा काढून म्हणाले, "काल अशी नव्हती का?"

"नव्हती."

"मंग लिव की पटकन. उद्या इजली तर?"

मी वही उघडली. वहीशी कसली घासाघीस करायची? समोर पाडणारं कुणी नव्हतं. पोटातला आकडा मी आयुष्यात पहिल्यांदा जसाच्या तसा कागदावर उतरवला. पाच पूर्णांक आठ.

शुक्रवार-शनिवार ढग होते. रविवारी आकाश उघडलं आणि मंडळ आलं. सबनीसांनी दुर्बिणीला डोळा लावला आणि त्यांचा रुमाल नाकावरून गळून पडला. एकदम उजळलाय, एकदम उजळलाय, असं म्हणत सगळे खुर्च्यांवरून उठले. त्यांनी तेज मोजलं, सहा पूर्णांक तीन. "आपण पकडला!" सबनीस म्हणाले, आणि परदेशातल्या निरीक्षकांकडे अहवाल पाठवायची भाषा सुरू झाली. मी वही पुढे केली. गुरुवारी पाच पूर्णांक आठ होता, आज तो उतरणीला लागलाय, असं सांगितलं. त्यांनी पान कंदिलाजवळ नेलं. "तुझे चार दशांश यात मिळवायचे," ते म्हणाले, "आणि तरीही पटत नाही. एकटीच होतीस?" बाबा होते म्हटल्यावर औषधवाला पुन्हा हसला.

त्या रात्री मी झोपले नाही, आणि सकाळी सरांच्या वाडीत गेले. सर पानं खुडत होते. मी सगळं सांगितलं, चढवलेला भाव आणि का चढवला तेही. सर कपाळाला हात लावून बांधावर बसले. "अगो, मला पाडता येत नाही, हे तुला कळायला नको?" मग विचारलं, "खरे आकडे आठवतात?" मी सव्वीस संध्याकाळींचे सव्वीस आकडे ओळीने म्हणून दाखवले. न आठवायला काय झालं? सरांनी स्वतःची वही आणली आणि एकेक ताडून बघितला. कुठे एक दशांश इकडे, कुठे एक तिकडे. "डोळा आहे तुझा, यमुना," सर म्हणाले. "उद्या बोईसरला ये. मी सांगतो त्यांना. गुरुवार तुझा आहे, तुझ्या नावावर लागलाच पाहिजे."

दुसऱ्या दिवशी मंगळवार, आईच्या बोईसरच्या फेरीचा. मी तिच्याबरोबर गेले. सबनीसांच्या सोसायटीच्या फाटकावर पहारेकरी म्हणाला, "मौसी, मछली लेके पीछे के जीने से जाव." आम्ही मागच्या जिन्याने गेलो. सर पुढच्या जिन्याने आधीच पोचले होते. मला खुर्ची मिळाली, आई उंबऱ्याबाहेर टोपली ठेवून बसली. सरांनी सांगितलं, आणि चांगलं सांगितलं. सबनीसांनी शेवटपर्यंत ऐकलं, मग चष्मा पुसला.

"म्हणजे महिनाभर ही मुलगी खोटे आकडे देत होती."

"तिच्या घरची बोलायची पद्धत तशी..."

"आणि आलेख बघून झाल्यावर तिला खरे आकडे आठवले. सर, तुम्ही विज्ञान शिकवता. असे आकडे चालतात?"

इथे मला कबूल केलंच पाहिजे, आणि कबूल करताना आजही दात शिवशिवतात, की तो माणूस त्या मुद्द्यावर बरोबर होता. आलेख बघितल्यानंतर म्हटलेले आकडे कुणीही म्हणू शकतं. पण गुरुवारचा आकडा नंतर आठवलेला नव्हता. तो त्याच संध्याकाळी वहीत उतरला होता, रविवार उगवायच्या आधी. मी तेच म्हणाले, जरा जोरातच म्हणाले. आतल्या खोलीतून त्यांची बायको डोकावली.

सबनीसांनी आवाज मऊ केला. "बरं, वाद नको. तुझं म्हणणं पाच पूर्णांक आठ, त्याच्या आदल्या दिवशी सरांचा सात पूर्णांक दोन. मधला धरू. साडेसहा. तुझ्या नावाने छापू. चालेल?"

सर हळूच म्हणाले, "घे, यमुना. नाव तरी येईल."

उंबऱ्याबाहेरून आई म्हणाली, "अर्ध्यात सौदा बरा गो. काय म्हनतोय तो?"

मी खुर्चीवर बसल्या बसल्या हिशोब केला. त्याला क्षणही लागला नाही. गुरुवारी साडेसहा आणि रविवारी सबनीसांचे सहा पूर्णांक तीन, म्हणजे धूमकेतू रविवारी सगळ्यात उजळ, आणि तो पकडणारे सबनीस. मी कोण, तर चाहूल लागलेली एक पोर. माझ्या नावाच्या मोबदल्यात तो माणूस माझा गुरुवार विकत घेत होता, आणि मला शास्त्र शिकवत होता. आमच्या बाजारात लोक लबाड असतात, पण घासाघीस करताना आपण घासाघीस करतोय हे तरी कबूल करतात. महिनाभर मी चढवून सांगितलं तेव्हा यांच्यातल्या एकानेही पाडलं नाही. ज्या दिवशी खरा भाव सांगितला, त्या दिवशी पाडायला बसले.

"नाय," मी म्हणाले. त्या घरात शिरल्यापासून मी पुस्तकी बोलत होते, ते तिथे सुटलं. "पाच पूर्णांक आठ लिवा, नायतर काय लिवू नका."

"मग काही लिहीत नाही," सबनीस म्हणाले, आणि पट्टी घेऊन वहीतले माझ्या नावावरचे सत्तावीसच्या सत्तावीस आकडे सावकाश, सरळ रेघा मारून खोडले. सर खिडकीबाहेर बघत होते. सबनीसांवर माझा राग आहे, तो मी छान पोसला आहे. त्या खिडकीचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. पुढे मी बर्फाचा कारखाना काढला, निर्यातवाल्या दलालांना घाम फोडला, दातिवऱ्यापर्यंतच्या बोटी माझ्या बर्फावर चालल्या, आणि सर वारले तेव्हा वाडीत जाऊन पाया पडून आले. पण विचारायचं राहिलं ते राहिलंच.

मी बाहेर आले. आईने माझं तोंड बघितलं आणि टोपली डोक्यावर घेतली. सौदा मोडून उठलं की भराभर चालायचं नसतं. गिऱ्हाइकाला पश्चात्ताप व्हायला अवधी द्यायचा असतो. दहापैकी आठजण पायरी उतरायच्या आत हाक मारतात. आम्ही मागचा जिना सावकाश उतरलो. पहिल्या वळणावर आईने पदर खोचला. खाली आल्यावर टोपली उतरवून ठेवली, डोक्यावरची चुंबळ सोडली, पुन्हा वळली, पुन्हा बसवली, जणू सकाळपासून तीच एक टोचत होती. मी वर बघितलं नाही. मान ताठ ठेवून फाटकाकडे बघत कान मात्र जिन्याला लावून उभी राहिले. सरांची हाक आली असती तरी मी परत गेले असते, हे आज लिहून टाकते. पहारेकऱ्याने बिडी पेटवली, विझवली. आईने वर बघितलं.

"दार लावलं त्यानं," ती म्हणाली. टोपली डोक्यावर चढवली आणि पुढच्या इमारतीकडे वळत खणखणीत आवाज दिला, "बोंबील घ्या, बोंबीऽऽल!"